छापील बाजू आत

रोह्याच्या एका कंपनीच्या गेटवर मी पेणहून कामगार संघटनेची पत्रकं वाटायला जायचे, तेव्हा सकाळची शिफ्ट सुटताना तो दिसायचा. पन्नाशीचा, सारखा खोकणारा. पत्रक दोन्ही हातांनी घ्यायचा आणि छापील बाजू आत करून घडी घालायचा. इतर लोक निदान मथळा तरी बघत.

एकदा टपरीवर मी विचारलंच, "काका, वाचता येतं ना?"

तो हसला. "खांब गावच्या शाळेत मीच धडा वाचून दाखवायचो, ताई. भेळेचा कागदपण सोडला नाय. त्यात अर्धीच गोष्ट असायची, उरलेली मी रचायचो."

"मग आता?"

"आता केमिकलचे ड्रम भरतो. नवीन असताना ड्रमवरचं लेबल सगळं वाचलं. वास छातीत गेला तर काय होतं ते लिहिलंय त्यात. सायबाकडे मास्क मागितला. तो बोलला, वाचणारे नकोत, भरणारे पायजेत. घरात चार तोंडं हायेत. तेव्हापासून ड्रम लावताना लेबल भिंतीकडे फिरवतो. वाचलं की हात चालत नाय."

"मग पत्रक कशाला घेता?"

"छापील कागद परत करवत नाय."

वाचणारा माणूस पेटून उठतो, असं मी लहानपणापासून पत्रकांत वाचत आले होते. पगार देऊन कंपनीने याचं वाचनच काढून घेतलं होतं.

त्या दिवशीच्या पत्रकावर, हे ऐकण्याआधीच, मी नेमका त्याच लेबलातला मजकूर मोठ्या अक्षरांत छापून आणला होता. त्याने हात पुढे केला. मी छापील बाजू खाली केली आणि पत्रक त्याच्या हातात दिलं.