रातपाळीचा वाघ

आमच्या पिंपरीच्या शाळेतल्या शिपाई मावशी बाकांशीसुद्धा माणसांशी बोलावं तसं बोलत. पुण्याच्या प्राणीबागेत सहल गेली, तेव्हा त्या सोबत होत्या. वाघ पिंजऱ्यात गाढ झोपला होता. तो उठेना, म्हणून मुलं खडे मारू लागली. गुरुजी ओरडले, तरी कुणी ऐकेना. तेव्हा मावशी गजांपुढे येऊन हलकेच म्हणाल्या, "आवाज नका करू रं. रातपाळी करून आलाय त्यो."

आम्ही सगळी कामगारांची पोरं. वडील रातपाळीहून आले की दिवसा घरात कसं वावरायचं, ते आम्हाला ठाऊक होतं. खडे खाली टाकून, चपला हातात घेऊन आम्ही पुढे सरकलो. वाघाचं पोट संथपणे वर-खाली होत होतं.

मावशी मात्र तिथेच थांबल्या. समोरून दुसऱ्या शाळेची मुलं येत होती.