शिफ्ट काढल्याशिवाय ओके नाही

दत्ताभाऊंनी वेग वाढवलेला कॉम्प्युटर सलग आठ तास चालल्याशिवाय ते कुणाच्या हाती देत नसत. चाकणच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात मशीन सेटिंगमध्ये गेली, त्यामुळे वेळेचं त्यांचं माप एकच होतं, शिफ्ट. सुट्टीच्या दिवशी निघोजेतल्या घराच्या बाहेरच्या खोलीत ते कॉम्प्युटरवर चाचणी लावून बसत आणि दर तासाला तापमान वहीत लिहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनच तासांत उठलो होतो. "झालं ना भाऊ?"

"पयला नग चांगला निघाला म्हंजी शिफ्ट चांगली गेली आसं न्हाई, राव. बसा."

बसलो. जेवणही तिथेच झालं.

भाऊ गेल्याला आता दोन वर्षं झाली. गंमत म्हणजे या माणसाने आयुष्यात एकही गेम खेळला नाही. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर मागे राहिला, आणि यंत्र रिकामं पडलेलं भाऊंना बघवेना. ते त्याच्यावर हात बसवत गेले. मग एकाचं ऐकून दुसरा असे आम्ही अकरा जण त्यांच्याकडे जमलो.

आम्हाला सगळंच जास्त हवं असे, प्रोसेसरचा वेगही आणि मेमरीचाही. भाऊ आधी प्रोसेसर चढवत, तो स्थिर झाला की मगच मेमरीला हात लावत, आणि मेमरी नेहमी एक पायरी खाली ठेवत. "लेथवर स्पिंडल पळवला की फीडला, म्हंजी टूल फुडं सरकन्याला, आवर घालावा लागतो. दोन्ही तानली की टूल गेलंच. आन् दोन्ही एकदम वाढवून बंद पडलं, तर दोष कुनाचा ते कुनाला इचारनार?"

मला हा म्हातारपणाचा भित्रेपणा वाटायचा. भोसरीतल्या एका हॉलमध्ये गेमिंगची स्पर्धा होती, आपापले कॉम्प्युटर घेऊन जायचे होते. आदल्या दिवशी मी मेमरी दोन पायऱ्या वर नेली. अर्धा तास खेळून पाहिलं, सगळं सुरळीत. शिफ्ट काढायला वेळ कुणाला होता! अंतिम सामन्यात पडदा थिजला, कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तोवर आम्ही हरलो होतो. चारही साथीदार माझ्याकडे बघत होते. "दत्ताभाऊंचं सेटिंग," मी म्हणालो. खरं सांगायचं तर, म्हटल्यावर बरंही वाटलं.

दोन दिवसांत ते भाऊंपर्यंत पोचलं. त्यांचा फोन आला तोवर मी मेमरी गुपचूप पूर्वीच्या जागी आणून ठेवली होती.

"काई हात लावलावता का, राव?"

"नाही, भाऊ."

त्यांनी माझ्या कॉम्प्युटरची एक शिफ्ट काढली, मग दुसरी. दोष निघेना. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. भाऊंनी पेन्सिल खाली ठेवली. "सापडला आसता तर बरं झालं आसतं. आता कुनाकुनाच्या मशीनमधी आसंल, काय ठावं."

कारखान्यात एका नगाची तक्रार आली की सगळा लॉट थांबवून तपासतात. भाऊंनी तेच केलं. उरलेल्या दहाही जणांना फोन करून कॉम्प्युटर परत आणायला सांगितले आणि दर सुट्टीला एकेकाची शिफ्ट काढायला बसले. मी जाऊन समोर बसायचो. लाज वाटायची म्हणून जायचो आणि लाज वाटायची म्हणूनच बोलायचो नाही. चार कॉम्प्युटर झाले. पाचव्याला ते बसले असताना हिंजवडीच्या एकाचा फोन आला. फोन ठेवून भाऊ म्हणाले, "त्यो न्हाई आननार. दुसऱ्याकडनं करून घेतो म्हनला." आवाज नेहमीचाच होता. पण तास भरून गेला तरी त्यांनी तापमान लिहिलं नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. "भाऊ, मेमरी मी वाढवली होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी. नंतर परत उतरवली."

त्यांनी वही मिटली. आता हाकलतील, असं मला वाटलं. हाकललं असतं तर सोपं गेलं असतं.

"म्हंजी बाकीच्यांच्या मशीन चांगल्या हायेत," ते म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला होता. इतके दिवस त्यांच्या जिवाला कसला घोर होता, ते मला तेव्हा कळलं. मग त्यांनी वहीचं मागचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. नावं आणि नंबर होते. "आता धाही जनांना तुमीच सांगा. हितंच बसून."

मी पहिला नंबर लावला, हिंजवडीचा. पलीकडे घंटा वाजायला लागली तसे भाऊ उठले, अंगणात गेले आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. माझी फजिती त्यांना ऐकायची नव्हती. दहा फोन होईपर्यंत ते बाहेर उन्हात उभे होते.