तांब्यातला पळस

तुमच्या घरात बिनकामाचं फूल शेवटचं कधी आलं होतं? देवासाठी, वेणीसाठी, मांडवासाठी, पुढाऱ्याच्या गळ्यासाठी किंवा मयतावर टाकण्यासाठी आणलेलं नव्हे. नुसतं समोर ठेवून बघत बसण्यासाठी आणलेलं.

आमच्या घरात ते डॉक्टरच्या सांगण्यावरून आलं. हुमनाबादला हायवेच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि गल्लीतली तरणी पोरं एकेक करून पुण्याला, हैदराबादला निघून गेली होती. गल्लीत फोन एकच, तोही आमच्या पुढच्या खोलीत. बाप कारखान्यात कामाला आणि युनियनचा माणूस, म्हणून खर्चाची ओढाताण करून त्याने तो घेतला होता. दुसरी गोष्ट आमच्या घरात भरपूर होती ती म्हणजे पत्रकं. मी त्यांच्या गठ्ठ्यांवर बसून वाचायला शिकले. हक्क, शोषण, संघर्ष हे शब्द मला पाढ्यांच्या आधी येत होते.

त्या वर्षी थंडी सरताना आईला चक्कर यायला लागली. गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंनी हाताला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघितलं आणि गोळ्या दिल्या. मग म्हणाल्या, "रोज दुपारी तासभर मन रमेल असं काहीतरी करा. काम नको. शिवणसुद्धा नको. हे नाही केलं तर पुढच्या खेपेला गोळी वाढवावी लागेल, आणि तेवढ्यानं भागेलच असं नाही."

आईने टेबलाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण केलंय?" तिथे एका पसरट भांड्यात तीन फांद्या आणि दोन फुलं होती. बाई म्हणाल्या, "मीच. रोज सकाळी करते. डोकं शांत होतं."

परतीच्या बसमध्ये आई खिडकीतून पळस मोजत आली.

पुढच्या दुपारी जेवणं उरकल्यावर तिने पितळेचा तांब्या घेतला. त्याच्या तोंडात चहाची फाटकी गाळणी उलटी बसवली, म्हणजे काड्या हव्या तशा उभ्या राहतात. माझा मामा खजुरीहून आला होता, त्याने करडईच्या फुलांचा काटेरी जुडगा आणला होता. पळसाची फांदी मी सायकलवर जाऊन आणली. आई एक काडी लावायची, मागे सरकायची, मान तिरकी करून बघायची, काढायची, नखभर कापून पुन्हा लावायची. या सगळ्यात ती एक शब्द बोलायची नाही. आई गप्प आहे आणि तरी रागावलेली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण ती खोली फोनची होती. दुपारी दोनच्या सुमारास कारखान्यांना जेवणाची सुट्टी होते, म्हणजे भोसरीहून, चिंचवडहून फोन यायची तीच वेळ. बाया आधीच येऊन बसायच्या.

"हे काय करायलीस गं अक्का?"

"फुलं लावायले."

"कोणाचं काय हाय?"

"काही न्हाई. असंच."

"असंच कामून?"

या प्रश्नाला आईकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडे फार लांब होतं. बाया ते ऐकायला थांबत नसत. फोन झाला की जाताना तांब्यातलं एक फूल काढून केसात खोवून जात. आमच्याकडे सवाष्णीने फुलाला हात लावला तर नाही म्हणत नाहीत. आई हसून बघायची, मी दात खायचे. तासाभराची रचना चार वाजेपर्यंत काड्यांचा खराटा होऊन उभी असायची. तरी आईची तक्रार नव्हती. उद्या दुसरी करू, म्हणायची.

खरा घात पाडव्याच्या आधी झाला. करडई संपली होती. आईने तांब्यात आंब्याचे डहाळे घेतले, त्यांच्यामध्ये पळसाचा एकच केशरी तुरा ठेवला आणि बाजूने कडुनिंबाचा मोहर सोडला. इतकी देखणी गोष्ट त्या खोलीत आधी कधी नव्हती. ती हात पुसायला आत गेली. तेवढ्यात समोरची म्हातारी आली. तिचा एकुलता लेक भोसरीला होता. तिने पितळेचा तांब्या बघितला, पाणी बघितलं, आंब्याची पानं बघितली आणि दारातच चपला काढल्या. आई बाहेर आली तोवर तांब्याला हळदकुंकू लागलेलं, समोर तांदूळ पडलेले.

"घट बसवलीस अन् सांगितली न्हाईस व्हय?" म्हातारी म्हणाली.

मी म्हणाले, "आजी, ही फुलदाणी आहे."

"गप बस पोरी. कुंकू लागल्यावर कशाची फुलदाणी."

आता इथली रीत अशी की एकदा पूजा झालेला घट हलवत नाहीत. बसवताना जशी रीत, तशी उठवतानाही. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही, ज्याने बसवला त्यानेही नाही. त्याच दुपारी म्हातारीच्या लेकाचा फोन आला, की त्याला नोकरीत कायम केलं. झालं. दुसऱ्या दिवशी बाया फोन आला नसतानाही आल्या. उदबत्त्या लागल्या. पानं वाळून वळली, पळस गळून पडला, पाणी वास मारू लागलं. त्या वासालाही एकीने हात जोडले.

आणि आई दुपारी मांडीवर हात ठेवून भिंतीला टेकून बसायची. समोर तिचाच तांब्या, आणि त्याला तिलाच शिवायची चोरी. दोन दिवसांनी ती तूरडाळ निवडायला बसली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिला पुन्हा चक्कर आली.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि छापील अक्षरावर माझा भाबडा विश्वास होता. पुठ्ठ्यावर मराठीत आणि कानडीत ठळक लिहिलं, "ही फुलदाणी आहे, देव नाही," आणि तांब्यापुढे उभं करून ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर पुठ्ठ्याच्या चारी कोपऱ्यांना कुंकू. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला याहून कडक शिक्षा कोणी देऊ शकेल असं वाटत नाही.

रात्री जेवताना मी बापावर घसरले. "तुमच्या कागदांत विश्रांतीचा हक्क ढिगानं लिहिलाय. त्यात चुलीपुढची बाई कुठं हाय?"

बाप म्हणाला, "फुलं लावणं म्हणजे विश्रांती व्हय? ती श्रीमंताची हौस."

"मग पत्ते?" मी विचारलं. तो रविवारी युनियनच्या ऑफिसात पत्ते खेळायचा.

त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

मी म्हणाले, "उद्या मी तो तांब्या उचलते अन् मोरीत ओतते. बघू कोण काय करतंय."

तेव्हा आई बोलली. "तू वतशील अन् मोकळी व्हशील. बाया रुसून बसतील, फोनला यायच्या न्हाईत. त्या म्हातारीला लेकाचा आवाज कुठनं ऐकू यायचा?"

मी ताट सरकवून उठले.

आईने सकाळी म्हातारीलाच बोलावून विचारलं, "मावशी, आता घट उठवायचा कसा?" म्हातारीने दहीभाताचा नैवेद्य सांगितला. तो भात मी शिजवला. चहाची गाळणी घातलेल्या एका तांब्यासाठी मी, माझ्या हाताने, नैवेद्य केला, हे लिहिताना आजही माझी मूठ आवळते. म्हातारीने तांब्या तीन वेळा जागेवर हलवला, पाणी कडुनिंबाच्या बुडात ओतलं आणि जाताना मला म्हणाली, "बघ, झालं की न्हाई नीट?"

दहीभात बापाने दोनदा घेतला. मग उठून गेला आणि टेलिफोनची लांबलचक वायर घेऊन आला. दुपारपर्यंत फोन खिडकीच्या बाहेरच्या फळीवर होता आणि दारापुढच्या कट्ट्यावर सावलीसाठी पोत्यांचं छत. खोलीचं दार आतून लावलं गेलं. फोन उचलायला आणि हाका मारायला मी कट्ट्यावर बसले.

म्हातारीला हे पटलं नाही. "ऊन लागायलंय की गं. अन् आत कोण हाय?"

"आई."

"काय करायली?"

"बसलीये."

"काय निवडायली?"

"काही न्हाई."

ती मग खाली वाकून हळूच म्हणाली, "तब्येत लई बिघडली का गं तिची?"

आतून कात्रीचा आवाज आला. एक काडी पडली असावी. 

गुलबर्ग्याला पुढच्या खेपेला गोळी वाढली नाही. पण मी हे औषधाची जाहिरात म्हणून लिहीत नाही. गोळी वाढली असती तरी तो तास तिचाच होता, आणि तो मिळवायला एका बाईला आजारी पडावं लागलं, याचा मला अजून संताप येतो. फोन आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. तरी बायकांच्या खोल्यांची दारं उघडीच असतात आणि कोणीही आत येऊन विचारतं, काय करायलीस.

म्हणून हे वाचून झाल्यावर एक करा. तुमच्या घरात जी बाई सगळ्यांसाठी उठते, तिला आज दुपारी एक खोली मोकळी करून द्या. दार ओढून घ्या, बाहेर बसा आणि येईल त्याला तुम्ही उत्तर द्या. ती आत फुलं लावते की छताकडे बघत पडते, हे विचारू नका.