भिंतीतला पिंपळ

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. भिंतीला तडा जायला लागला, म्हणून तो उपटायला गवंडी उद्या यायचा होता.

नातीनं विचारलं, "आजोबा, निसर्ग म्हणजे काय?"

"आपल्या गावातली एवढी मोठी बाग, लालबाग!" मी ठासून सांगितलं.

"ती तर माणसांनी लावलेली! बाई म्हणाल्या, हा संस्कृत शब्द 'सोडणं, उपजणं' यावरून आलाय. म्हणजे कुणी न लावता उगवलेला आपला पिंपळच खरा निसर्ग."

"चौथी शिकलोय मी. मला शिकवू नकोस."

असं म्हणालो खरा, पण दिवसभर बूड टेकेना. सारखा उठून त्या रोपाकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याला म्हणालो, "अण्णा, भिंत फोडा, पण स्वल्प जपून. मूळ तुटता कामा नये." आणि कुदळ घेऊन रस्त्याकडेला खड्डा खणायला लागलो.