मला पडलेलं एक मत

मला एक मत पडलं. गावच्या दूध संस्थेची निवडणूक होती, संचालकाच्या एका जागेला आम्ही दोघंच उभे होतो, आणि माझ्या कपबशीच्या चिन्हावर शिक्का मारलेली चिठ्ठी निघाली एकच. मोजणाऱ्यानं पुन्हा मोजून दाखवली. एकाला काय मोजायचं, पण मीच मागितलं होतं.

गाव पलटलं, हे एक वेळ समजू शकलो असतो. पण आमच्या घरातच तीन मतं होती. मी, आई आणि बायको. माझं मत तर मीच मला दिलं होतं. मग बाकीची दोन गेली कुठं? मतमोजणी झाली त्या शाळेच्या व्हरांड्यात मी तसाच बसून राहिलो. आजही आठवलं की कसंतरीच होतं.

दुष्काळाचं साल होतं. संस्थेनं माळावर जनावरांची छावणी चालवली होती, म्हणून त्या संचालकपदाला एकदम भाव आला होता. दोन महिने मी नुसता प्रचारात. कडक इस्त्रीचे कपडे, तालुक्याला केजला चकरा, दिसेल त्याला चहा. आमची एकुलती एक गाय छावणीत होती. तिच्याजवळ आई राहायची, भाकरी घेऊन बायको जायची. मी मात्र एकदाही तिकडं फिरकलो नव्हतो.

घरी आलो तो भांडायच्या तयारीनंच. "तू तरी दिलं का मला?"

बायको भाकरी थापत होती. "न्हाई," ती म्हणाली. "अन् तुमच्या आईनं बी न्हाई."

"कावून?"

"आवं, गाय बसली होती. उठंनाच. तुमच्याइरुद्ध उभा होता त्या माणसानं पोटाखाली पोतं घालून सकाळ-संध्याकाळ उठवली तिला. तुमाला सांगितलं, तर 'बघू' म्हणून तुमी केजला गेलता."

तिनं सांगितलेलं मला आठवतच नव्हतं. मत न दिल्यापेक्षा मला त्याचाच धक्का जास्त बसला. ताटावर बसलो आणि तसाच उठलो.

सकाळी रागानं म्हणा की लाजेनं, छावणीवर गेलो. आई पाण्याला गेली होती. कालचा जिंकलेला माणूस एका बसलेल्या गाईपाशी ओणवा होता. ना हार, ना गुलाल. गाईची हाडं न् हाडं दिसत होती, अंग शेणानं माखलेलं. तिघं जण होते, चौथा कमी पडत होता.

"इकडून धरा," तो मला म्हणाला. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही.

मी पोत्याचं टोक धरलं. सगळं वजन हातावर आलं, खांदा निखळतो की काय असं झालं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा ती थरथरत चार पायांवर उभी राहिली. माझा इस्त्रीचा सदरा शेणानं भरला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"कुणाची हाय ही?" मी विचारलं.

तिघंही माझ्याकडं बघत राहिले.

"तुमचीच हाय की," तो हळूच म्हणाला.

तिच्या मानेला धरून मी तिथंच रडलो, चारचौघांत. निवडून आलो असतो तर त्या सकाळी हारतुरे घेत फिरत असतो, आणि मला माझी गाय ओळखू येत नाही हे मला कधी कळलंच नसतं. छावणी उठेपर्यंत मी घरी झोपायला गेलो नाही.