हैबतच्या पायातले बूट

दर रविवारी सकाळी टीव्हीवर तो हैबत हिंडफिऱ्या कौलावरून उडी मारतो ना, ती उडी आमच्या कडूबाईची आहे. त्याच्या लाथा, बुक्क्या, चिखलात आपटणं, घोड्याचं दौडणं, सगळं कडूबाईचं. मी तौफिक. त्या मालिकेतल्या आवाजांचं रेकॉर्डिंग बघतो. आधी वरातीत डीजे लावायचो, त्यात तुझे कान गेले असं अम्मी म्हणते. तिचं खरं असावं, नाहीतर पुढचा तमाशा झालाच नसता.

ज्यांच्या घरात पोरं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, हैबत हा कार्टूनमधला लढवय्या. गावोगाव भटकतो. कमरेला तलवार आहे, पण ती म्यानात गंजून बसलेली, सव्वीस भाग झाले तरी निघायचं नाव नाही. मग पठ्ठ्या झाडू, मुसळ, घागर, जे हाताला लागेल त्यानं लढतो. त्याला काढतो आमचा दिग्दर्शक अतुल, पडेगावात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत. गिरणी चालू असली की अख्खा मजला थरथरतो. म्हणून आवाज घ्यायचे ते दुपारी गिरणी बंद असते त्या दोन तासांतच. ज्वारीच्या दळणावर वेळापत्रक ठरणारा स्टुडिओ आमचाच असेल.

कडूबाई आमच्याकडं आली ती डबा घेऊन. बजाजनगरच्या एका मेसमध्ये तिनं वीस वर्षं भाकरी थापली. नवरा वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाला तशी दोघं पडेगावात राहायला आली आणि आमचा दुपारचा डबा तिच्याकडं लागला. त्या दिवशी मी थपडेचा आवाज मिळावा म्हणून उशी बडवत होतो. तिसरा दिवस होता. बाई दारात थांबून बघत होती.

"काय ओ तौफिकभाई, गादी पिंजायलात का मारामारी करायलात?"

"मग तुम्हीच करून दाखवा," मी चिडून म्हणालो. मला राग लवकर येतो.

ती खाली गेली, गिरणीतून ओंजळभर पीठ आणलं, मळलं आणि परातीत गोळ्यावर हात मारला. चट्! हेडफोन माझ्या कानाला होता. खुदा कसम, मी माझाच गाल धरला.

तिथून तिचं राज्य सुरू झालं. माझा करवंट्यांचा घोडा तिनं एकदाच ऐकला. "हे घोडं व्हय? हे तर लाकडाचं हाय," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी ओल्या मातीचं घमेलं नि रबरी चपला घेऊन आली. शत्रूंच्या तलवारींच्या खणखणाटाला तवा आणि उलथनं. पण तिची खरी कमाल पावलांत. हैबतच्या चालण्यासाठी तिनं नवऱ्याचे कंपनीतले सेफ्टी बूट आणले, पुढं लोखंड असलेले. पडद्यावर हैबत चालला की ही पदर खोचून जागेवर चालायची. नुसते पाय नाही, मान, खांदे, सगळं अंग चालायचं. छप्पन्न वर्षांची बाई, पण डोळे मिटून ऐकलं तर पंचविशीतला पैलवान. एवढा जीव ओतून काम करणारं दुसरं माणूस मी बघितलं नाही, आणि मी हे तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, ही माझी खोड.

मग वाहिनीच्या रूपा मॅडमचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"अतुल, जुने भाग पुन्हा दाखवायचेत, पण त्यांत चौदा ठिकाणी पावलं चुकलीयत. चित्रात हैबतच्या पायात बूट आहेत आणि आवाज अनवाणी पायांचा. सोमवारपर्यंत दुरुस्त करा. आणि यापुढं कॉम्प्युटरमधले तयार आवाज वापरा, त्या बाईंना थांबवा."

"हो मॅडम, हो मॅडम," अतुल म्हणाला. माणूस चांगला आहे, पण मॅडमचा फोन आला की त्याचा कणा सुट्टीवर जातो. फोन ठेवून मला म्हणतो, "यार, तूच सांग तिला."

डोकं तापलेलंच होतं. तसाच तरातरा तिच्या घरी गेलो, सरळ आत.

"मावशी, चौदा ठिकाणी तुम्ही बूट काढलेत! चित्राकडं बघत नव्हता का?"

"बघत व्हते. बघूनच काढले."

"पण चित्रात बूट हायेत की!"

"मग चित्र चुकलं," ती म्हणाली. इतक्या शांतपणे म्हणाली की मी आणखी भडकलो.

"मॅडमनी काम बंद करायला सांगितलंय. उद्यापासून येऊ नका!"

 तिनं माझ्या पायांकडं बघितलं आणि कोपऱ्यातलं फडकं उचललं. फरशी नुकतीच पुसलेली होती. मला तेव्हा काही कळलं नाही. मी तणतणत निघून आलो.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद झाल्यावर ती चौदा ठिकाणं दुरुस्त करायला बसलो. पहिलं, हैबत कुंभाराच्या झोपडीत शिरतो. अनवाणी. दुसरं, विड्या वळणाऱ्या म्हातारीचं घर. अनवाणी. मेंढपाळाचं पाल, अनवाणी. मग सोळाव्या भागातली सरदाराची हवेली लागली. ठाक! ठाक! ठाक! मी चमकलो. हवेलीत खाली गालिचा अंथरलेला. गालिच्यावर बूट वाजतो का कधी? कडूबाईनं वाजवला होता, आणि ही चूक मॅडमच्या यादीत नव्हती! मी सगळे भाग पुन्हा बघितले. जिथं गरिबाचं घर तिथं बूट उतरलेले. जिथं वाडा, हवेली, दरबार, तिथं दुप्पट जोरात. विसरून काढले असते तर हवेलीतही काढले असते ना? मी खुर्चीतच बसून राहिलो. आपण कुणाला काय बोलून आलो, याची लाज वाटायला लागली.

अतुलला ओढून आणलं, दाखवलं. त्यानं तीनदा बघितलं.

"तौफिक, बाई बरोबर आहे. चित्रच चुकलंय."

मग अतुल दोन दिवस टेबलावरून उठला नाही. चौदाही ठिकाणी त्यानं हैबतला दारात बूट काढायला लावलं. हैबत तो हैबतच, एका पायावर लंगडी घालतो, चौकटीला डोकं आपटतो, बूट निघतो तेव्हा फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर, मग मोजेही काढतो. सोमवारी मॅडमनी बघायला घेतलं. आम्ही दोघं फोनला कान लावून बसलो. मग खो खो हसण्याचा आवाज.

"अरे, तो अंगठा! कुणाला सुचलं हे?"

अतुलनं माझ्याकडं बघितलं, घसा खाकरला. "कडूबाईंना, मॅडम. आणि पुढचे आवाज त्याच करतील. तयार आवाज आम्ही वापरणार नाही." मी त्याच्याकडं बघतच राहिलो. मॅडम म्हणाल्या, "बरं बाबा, राहू द्या त्यांना."

मॅडमचं मिटलं. पण कडूबाई परत येईल का? मी बोललो होतोच तसा. तिच्या दाराशी गेलो, बूट बाहेर काढले आणि आत पाऊल ठेवलं.

"कोण हाय?" ती चुलीकडं तोंड करून बसली होती.

"मी, तौफिक."

"वळखलं नाय. आज बूट वाजला नाय तुमचा."

माझी मान खाली गेली. "मावशी, माझं चुकलं. लई चुकलं. मॅडमनी तुम्हाला ठेवलंय. याल का?"

तिनं चुलीवर आधण ठेवलं, चहा टाकला. मी फरशीवर बसून विचारलं, "हवेलीत का नाही काढले हो?"

ती चहाकडं बघत बोलायला लागली. "माझा आजा खुलताबादेच्या पलीकडचा. पाटलाच्या दारावरून जायचं तर पायताण हातात घ्यायचं, असा कायदाच व्हता तवा. काटे मोडायचे, तरी हातात. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला. आज्यानं त्याच हप्त्यात नव्या वहाणा शिवून घेतल्या, कुरकुर वाजणाऱ्या, आन् पाटलाच्या दारावरून तीनदा गेला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आजी सांगायची, गडी घरी आला, वहाणा दाराशी काढल्या आन् मग भाकरीला बसला." तिनं कप माझ्याकडं सरकवला. "हैबत लढवय्या हाय ना? मग त्याला येवढं तर कळाया पायजे, कुठं वाजवायचं आन् कुठं उतरवायचं."

 चहा प्यालो.

"गिरणी कधी बंद व्हती आज?" तिनं विचारलं.

"अर्ध्या तासात."

ती उठली. कोपऱ्यात पिशवीत बूट होते. मी धावत जाऊन पिशवी उचलली. "द्या, मी घेतो."

"ठेवा खाली," ती म्हणाली. "बूट हातात कशाला घ्यायचे?"

उंबऱ्याबाहेर बसून तिनं ते पायात चढवले, नाड्या आवळल्या आणि पडेगावच्या गल्लीतून माझ्यापुढं चालायला लागली. ठाक, ठाक, ठाक. दारादारांत बाया उभ्या राहिल्या.

"कुठं निघाली गं कडूबाई?" एकीनं विचारलं.

"कामाला," ती म्हणाली.