फणसाचं की जांभळाचं?

डोंबिवलीतल्या आमच्या घरामागे पावसाचं पाणी तुंबतं, म्हणून पाइप टाकायला गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःच चर खणायला घेतला. तिथलं जांभळाचं झाड चार वर्षांपूर्वी तोडलेलं, पण मुळं जमिनीत राहिलेली. तीन मुळं मी कुऱ्हाडीने तोडली आणि विजयी वीरासारखी उंच धरून बायकोला दाखवली. चौथं मनगटाएवढं जाड होतं. कुऱ्हाड उचलली, तोच भिंतीपलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, "अरे थांब! ते माझ्या फणसाचं असेल!"

"काकू, जांभळाचं आहे हो. मेलेलं."

"तू काय डॉक्टर? साल खरवडून बघ. फणस असेल तर चीक येईल."

आधी तोडलेली तिन्ही मुळं मी तपासली. कोरडीठाक होती. मग चौथं खुरप्याने खरवडलं, आणि दुधासारखा पांढरा थेंब वर आला. फणस तर चांगला पंधरा पावलं लांब! भिंतीच्या पायाखालून हा गृहस्थ आमच्याकडे येतो कशाला?

"पाणी प्यायला," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे तुंबतं ना? दे ती कुऱ्हाड इकडे."

कुऱ्हाड जप्त झाली. मी पालथा पडून मुळाखालची माती खुरप्याने उकरली आणि पाइप खालून सरकवला. चिकाने बरबटलेल्या हातांसाठी भिंतीवरून खोबरेल तेलाची वाटी आली.

"मूळ शाबूत आहे ना, ते आधी सांग," काकू म्हणाल्या, आणि मी हो म्हटल्यावरच त्यांनी वाटी सोडली.